४८ मीटरवरचे बोल्ट : बूम लिफ्टवरच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

कन्व्हेअर गॅलरीच्या, म्हणजे माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या उंच मार्गाच्या, सांध्यांचं काम आमच्याकडे आलं. लोखंडी खांबांवर चढत जाणारी ही गॅलरी एका टोकाला जमिनीलगत आहे, तर दुसऱ्या टोकाला ४८ मीटर उंच. सांध्यांवरचे एम-२४ (२४ मिलिमीटर जाडीचे) बोल्ट तपासून घट्ट करायचे, गंजलेले बदलायचे आणि उघडं पडलेलं लोखंड रंगवायचं. परांची बांधायची की बूम लिफ्ट, म्हणजे लांब लोखंडी हाताच्या (बूमच्या) टोकाला माणसांची बास्केट असलेलं यंत्र, आणायची, यावर सकाळभर खल झाला. एकेका सांध्यावरचं काम थोडं आणि सांधे एकमेकांपासून लांब. तेवढ्यासाठी एवढी उंच परांची उभारायची आणि उतरवायची म्हणजे मूळ कामापेक्षा जास्त माणसं जास्त वेळ उंचीवर ठेवायची. बूम लिफ्ट ठरली.

कोपरासारखी मोडणारी आर्टिक्युलेटिंग लिफ्ट अडथळ्यावरून वळून पलीकडे जाते. इथे वर जायची वाट मोकळी आहे, त्यामुळे सरळ टेलिस्कोपिक बूम पुरे. स्वतःच्या चाकांवर चालणाऱ्या मोठ्या बूम लिफ्टमध्ये जेनी एसएक्स-१८० बास्केटला ५४.८६ मीटरवर नेते, जेएलजी १८५०एसजे ५६.५६ मीटरवर. दोन्हींची आडवी पोच २४ मीटरच्या आसपास. याच वर्गातलं यंत्र मागवायचं ठरलं.

कागदावरच्या आकड्यांबद्दल टीमला मुद्दाम बसवून सांगितलं. ‘कामाची उंची’ म्हणून जो आकडा छापतात, तो बास्केटच्या तळाच्या उंचीत हात वर करून पोचणारे २ मीटर मिळवून काढलेला असतो. शिवाय सगळ्यात जास्त उंची आणि सगळ्यात जास्त आडवी पोच एकाच वेळी कधीच मिळत नाही. गॅलरीखाली पाइपांची रांग आहे, म्हणून यंत्र सांध्यापासून १५ मीटर बाजूला उभं राहणार. ४७ मीटर उंच, १५ मीटर आडवं, बास्केटमध्ये दोन माणसं आणि अवजारं. हा बिंदू यंत्राच्या पोचेच्या तक्त्यावर पेन्सिलीने मांडला. रेषेच्या बराच आत पडतो. असा प्रत्येक सांध्याचा बिंदू मांडून झाल्याशिवाय यंत्राची ऑर्डर द्यायची नाही, हा माझा आग्रह होता आणि तो सगळ्यांनी मानला.

आसपास उघडी वीजवाहिनी नाही, याची खात्री करून घेतली. अशी बास्केट विद्युतरोधक नसते. अमेरिकन नियमांत ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून निदान १० फूट, म्हणजे ३ मीटरहून थोडं जास्त, अंतर सांगितलंय.

५ फेब्रुवारी

आजचा सगळा दिवस जमीन बघण्यात गेला.

या वर्गातलं यंत्र २५ ते २७ टनांचं असतं. बूम बंद असते तेव्हा हा भार चार चाकांवर बऱ्यापैकी वाटला जातो. बूम एखाद्या कोपऱ्याच्या दिशेला लांब गेली की चित्र पालटतं. यंत्राच्या निम्म्याच्या आसपास भार एकाच चाकावर येऊ शकतो. १३ टन धरले तर सुमारे १३० किलोन्यूटन. तो १ चौरस मीटरच्या लोखंडी प्लेटवर पसरला तर जमिनीवर १३० किलोपास्कल दाब येतो. प्लेट अर्धी झाली की दाब दुप्पट. प्लेटच नसेल तर टायरच्या ठशाएवढ्या जागेवर सगळा भार, आणि ते जमिनीला सोसेल की नाही हे वरच्या काँक्रीटकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही.

वरून सगळं आवार एकसारखं सपाट दिसतं. जुने नकाशे काढले तेव्हा दिसलं, की दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मधून गटाराची जुनी चारी गेली होती आणि नंतर ती भरून घेतली. दोन ठिकाणी खणून पाहिलं. भराव सैल आहे, पहार हाताच्या जोरावर आत जाते. त्या पट्ट्यावर पिवळ्या रंगाने फुल्या मारल्या. मॅनहोलची झाकणं, केबलच्या चाऱ्या, पाण्याच्या टाकीचा स्लॅब यांच्याभोवतीही फुल्या. फुलीवर चाक जाणार नाही, प्लेट टाकूनसुद्धा नाही.

सुपरवायझरांनी विचारलं, "साहेब, चाक चार-पाच सेंटीमीटर दबलं तर एवढं काय होणार?" त्यांना गणित करून दाखवलं. धुऱ्या (चाकांचे ॲक्सल) बाहेर काढल्यावर चाकांमधलं अंतर साधारण ५ मीटर होतं. एका बाजूची चाकं ५ सेंटीमीटर खचली, तर ५० मीटरवरची बास्केट अर्धा मीटर बाजूला सरकते. ती सरकली की भार आणखी त्याच बाजूला जातो आणि खचलेलं चाक आणखी खचतं. यंत्राला कलाचा सेन्सर असतो, तो भोंगा वाजवतो. पण जमीन अचानक बसली तर भोंगा वाजेपर्यंत वेळ निघून गेलेली असू शकते.

६ फेब्रुवारी

यंत्र आलं. ट्रेलरवर असताना त्याची रुंदी अडीच मीटर असते. खाली उतरल्यावर धुऱ्या बाहेर सरकवून पाय फाकले. त्याशिवाय बूम वर जाऊच नये, अशी सोय यंत्रातच असते. काकांनी तरीही धुऱ्या पूर्ण बाहेर आल्याची खूण चारही ठिकाणी वाकून बघितली.

काका म्हणजे आमचे ऑपरेटर. त्यांची सकाळची फेरी बघण्यासारखी असते. घाई अजिबात नाही. डावीकडून सुरुवात, यंत्राला पूर्ण वळसा, हात सतत कुठे ना कुठे टेकलेला. होजजवळून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवतात आणि त्यावर तेल उमटलं का ते बघतात. दाबाखालच्या होजला सुईएवढं भोक असलं तर त्यातून निघणारी तेलाची धार कातडीत घुसते, म्हणून उघडा हात कधीच फिरवायचा नाही. पिनांचे लॉक, बूमच्या घड्यांमधल्या घसरपट्ट्या, टायरवरचे काप, नटांच्या कडेला गंजाचा ओघळ, बास्केटचं दार आपोआप बंद होतं की नाही, पॅनेलवरची चित्रं नीट वाचता येतात की नाही. मग खालच्या पॅनेलवरून प्रत्येक हालचाल, आणि नंतर तीच वरच्या पॅनेलवरून. शेवटी पायाचं पॅडल. ते दाबलेलं नसेल तर वरचा एकही दांडा चालता कामा नये. दोन्हीकडची लाल बटणं दाबून इंजिन बंद पडतं का ते पाहिलं.

दुपारी सगळ्यांची सुटकेची तालीम घेतली. हा या कामाचा गाभा आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

वरचा माणूस चक्कर येऊन पडला, अडकला किंवा वरचं पॅनेल बंद पडलं, तर बास्केट खाली आणण्याचं काम खालच्या माणसाचं. टरेटवर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर गोल फिरणाऱ्या भागावर, खालचं पॅनेल असतं. किल्ली ‘ग्राउंड’वर फिरवली की वरच्या पॅनेलचा ताबा सुटतो आणि यंत्र खालच्या माणसाचं ऐकतं. इंजिनच गेलं असेल तर बॅटरीवर चालणारा सहायक पंप आहे. तो हळू चालतो आणि बॅटरी संपेपर्यंतच चालतो. होज फुटला तरी बूम धाडकन खाली येत नाही, कारण सिलिंडरवरच झडपा असतात आणि त्या तेल अडवून धरतात. म्हणजे वरची माणसं लटकत राहतात, पण सुरक्षित राहतात. त्यांना खाली आणायला कुणीतरी लागतं.

आणि हे आणणं क्रमानेच व्हायला हवं. लांब काढलेली टेलिस्कोपिक बूम आधी खाली झुकवली, तर बास्केट यंत्रापासून दूर जात राहते आणि उलटण्याचा जोर वाढत जातो. म्हणून आधी बूम आत घ्यायची, मग झुकवायची. अर्थात त्याआधी मान वर करून बघायचं, की आत घेताना बास्केट कशात अडकत तर नाही ना. हेल्पर पोराला हे पाठ झालं आहे असं वाटलं, म्हणून त्याच्याकडून करून घेतलं. त्याने पहिल्यांदा झुकवण्याच्या खटक्याकडेच हात नेला. काका शांतपणे म्हणाले, "बाळा, आधी वर बघ. मग आत. मग खाली." मग त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं, हात न अडखळता चालेपर्यंत. माझ्याकडूनही, सुपरवायझरांकडूनही.

परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवान्यावर, ‘खालचा माणूस’ असा वेगळा रकाना केला. त्यात नाव लिहायचं, ‘हेल्पर’ असं मोघम नाही. त्या नावाचा माणूस यंत्रापाशी नसेल तर बास्केट जमिनीवर. किल्ली पॅनेलमध्येच राहील, कुणाच्या खिशात नाही.

७ फेब्रुवारी

वारा. काम बंद.

अशा यंत्रांची बाहेरच्या कामासाठीची मर्यादा सहसा १२.५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर असते. जमिनीजवळ हाताने धरलेल्या वातमापकावर ७ दिसत होतं आणि सुपरवायझरांना काम सुरू करायचं होतं. पण वारा उंचीबरोबर वाढतो. मोकळ्या जागेसाठी जो ठोकताळा वापरतात त्याने हिशेब केला, तर जमिनीपासून २ मीटरवरचे ७ हे ४८ मीटरवर ११ होतात. हा झाला सरासरी वारा, झोत याच्याही वर. आणि वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर रेटा चौपट. आम्ही आमची मर्यादा बास्केटवर मोजलेल्या ९ ला ठेवली आहे. बास्केटला ताडपत्री, फलक, पत्रा असं काहीही बांधायचं नाही. तेवढ्यानेच त्याचं शीड होतं.

मोकळा वेळ मिळाला म्हणून पोरांना या यंत्राचा थोडा इतिहास सांगितला. फळं तोडायला सारखी शिडी हलवावी लागू नये म्हणून जय आयटेल या अमेरिकन माणसाने १९४४ मध्ये हातापाशीच ताबा असलेला पाळणा बनवला. इंग्रजीत या यंत्राला आजही ‘चेरी पिकर’ म्हणतात ते त्यावरूनच. जॉन ग्रोव्ह यांनी १९६९ मध्ये जेएलजी सुरू केली आणि १९७० मध्ये पहिली लिफ्ट विकली. फळांच्या फांदीपासून ५६ मीटरपर्यंत मजल गेली.

१० फेब्रुवारी

वारा पडला. पहिली चढाई, मी आणि काका.

पूर्ण अंगाचा हार्नेस, पाठीवरच्या कडीला आखूड लॅनयार्ड (बांधून ठेवणारा पट्टा), त्याचं टोक बास्केटमधल्या ठरलेल्या कडीला. लॅनयार्ड इतका आखूड केला, की कठड्यावरून वाकलो तरी पाय तळावरच राहतात. बूम लिफ्टमध्ये पडण्याचा धोका चालता चालता तोल जाण्याचा नसतो. चाक खड्ड्यात गेलं किंवा बास्केट कशाला अडकून एकदम सुटली, की बूमचं टोक उसळतं आणि आतला माणूस बाहेर फेकला जातो. २ मीटरचा पट्टा अशा वेळी त्याला बाहेर लोंबकळत ठेवील. आखूड पट्टा त्याला बाहेर जाऊच देत नाही. आणि पट्टा बास्केटलाच लावायचा, गॅलरीच्या लोखंडाला कधीच नाही. बास्केट हलली आणि माणूस लोखंडाला बांधलेला राहिला, तर काय होईल ते सांगायला नको.

तीसेक मीटरपर्यंत काही वाटत नाही. त्याच्या पुढे बूमचा आतला भाग निघू लागतो आणि बास्केट डुलायला लागते. काका दांडा सोडतात तेव्हा ती लगेच थांबत नाही. पुढे जाते, मागे येते, परत पुढे. मग हळूहळू निवते. लोखंड वाकतं आहे, वाकलं पाहिजे, हे मला माहीत आहे. पण शरीर ते आपल्या पद्धतीने समजून घेतं. गुडघे आपोआप ढिले होतात, बोटं कठड्याभोवती आवळली जातात. याला कारण आहे. उभं राहताना आपण जवळच्या वस्तूंकडे बघून नकळत तोल सावरत असतो. आसपास काही नसलं आणि सगळ्यात जवळची स्थिर गोष्ट दूर असली, की डोळ्यांचा हा आधार जातो आणि शरीर जास्त झुलायला लागतं. ही भित्रेपणाची खूण नाही. गॅलरीचं लोखंड हाताच्या अंतरावर आलं तशी झुलण्याची जाणीव निम्मी झाली. मी नवीन माणसाला हेच सांगतो, की खाली किंवा ढगांकडे बघू नकोस, सांध्याकडे बघ, आणि पोचेपर्यंत बास्केटच्या दांड्याकडे.

शेवटचा मीटर काका जवळजवळ श्वास घ्यावा तितक्या हळू नेतात. आधी थांबतात, डुलणं निवू देतात, मग वेगाचा खटका कासवावर आणून बोटभर दांडा ढकलतात. पुन्हा थांबतात. सांध्यापासून वीतभर अंतर ठेवून बास्केट उभी केली. टेकवली नाही.

पाच सांधे नुसते डोळ्यांनी आणि हातोडीच्या ठोक्याने पाहिले. दोन ठिकाणी बोल्टची डोकी गंजाने फुगली आहेत. फोटो काढले, खडूने खुणा केल्या.

११ फेब्रुवारी

टॉर्कचं, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराने बोल्ट आवळण्याचं, काम. आज एक महत्त्वाची अडचण आली आणि ती सुटली.

रेखाचित्रात या बोल्टांना ६०० न्यूटन-मीटर दिलं आहे. आणलेला टॉर्क रेंच १.२ मीटर लांबीचा. म्हणजे दांड्याच्या टोकाला ५०० न्यूटन ओढायला हवं, साधारण ५० किलो वजनाइतकं. जमिनीवर हे सहज होतं. पण बास्केटमध्ये उभा असलेला माणूस जेवढ्या जोराने पाना ओढतो, तेवढ्याच जोराने त्याचे पाय बास्केटला उलट दिशेने ढकलतात. दोन माणसांच्या बाहेरच्या कामासाठी यंत्राच्या पाटीवर हा आडवा जोर ४०० न्यूटनपर्यंतच मान्य आहे, आणि तो सगळ्या बास्केटला मिळून, माणशी नाही. ४८ मीटरवर ५०० न्यूटनचा आडवा रेटा म्हणजे बुडाशी २४,००० न्यूटन-मीटर उलटवणारा जोर. यंत्र बनवणाऱ्याने तो हिशेबात धरलेलाच नाही.

दुसरी गोष्ट पाटीवर नसते. नट एकदम सुटला किंवा पाना घसरला, की तो ५०० न्यूटनचा ताण क्षणात मोकळा होतो आणि एवढ्या लांब बूमच्या टोकावरची बास्केट उलटी झुलते. मागे लोखंड असेल तर माणूस त्यावर आपटेल.

म्हणून टॉर्क मल्टिप्लायर मागवला. पाचपट करणारा गिअरचा डबा असतो तो. हाताने १२० न्यूटन-मीटर दिले की पलीकडे ६०० मिळतात, आणि उरलेल्याची प्रतिक्रिया डब्याचा आधारदांडा शेजारच्या नटावर टेकून लोखंडातच जिरवतो. हाताचा पाना अर्ध्या मीटरचा घेतला तर ओढ २४० न्यूटन. मर्यादेच्या बरीच आत. दुपारनंतर एक सांधा असा करून पाहिला. काकांनी दोन्ही पाय पसरून, पॅडलवरून पाय पूर्ण काढून, पाना स्वतःकडे ओढला. बास्केट किंचित सरकली, बस.

टॉर्क लावायला सुरुवात केली की पॅडलवर पाय नाही आणि इंजिन बंद, असा नियम आज लिहून घेतला.

१२ फेब्रुवारी

सगळी अवजारं दोरीने बांधलेली आहेत का, याची तपासणी. ४८ मीटरवरून सुटलेला पाना साधारण ३.१ सेकंदांत जमिनीवर येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ११० किलोमीटर असतो. कुणी "खाली बघा" असं ओरडेपर्यंत तो पोचलेला असतो. हेल्मेट हा त्यावरचा इलाज नव्हे. अवजाराला दोरी आणि खाली मोकळं आवार, एवढाच इलाज आहे. मोकळ्या आवाराभोवतीची पट्टी आणखी लांब नेली, कारण गॅलरीच्या आडव्या तुळईवर आपटून वस्तू बाजूला उडते. सुटे नट-वॉशर उघड्या डब्यात ठेवायचे नाहीत. गळ्यात दोरी असलेल्या पिशवीत ठेवायचे.

१३ फेब्रुवारी

आज काम मी थांबवलं.

आम्ही वर सांध्यावर होतो. साडेअकराच्या सुमारास खाली बघितलं, तर यंत्रापाशी कुणी नाही. वॉकीटॉकीवर हाक मारली, उत्तर नाही. थोड्या वेळाने हेल्पर पोरगा धावत आला. दुसऱ्या ठिकाणी गाडी रिकामी करायला माणूस कमी पडला म्हणून त्याला ‘पाच मिनिटांसाठी’ बोलावून नेलं होतं. त्या पोराची चूक नाही. वरिष्ठाने हाक मारली तर तो जाणारच. त्याला नाही म्हणायचा अधिकार आपण दिलेला नव्हता.

बास्केट खाली आणली. दुपारी बैठक घेतली. वरवर बघणाऱ्याला खालचा माणूस रिकामा उभा दिसतो. हात खिशात, मान वर. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, याला थोडा वेळ उसना घेता येईल. पण वरची दोन माणसं त्याच्याच भरवशावर तिथे असतात. हार्नेसला लटकलेल्या माणसाला फार वेळ तसं ठेवता येत नाही. मांड्यांवरचे पट्टे रक्त अडवतात आणि तो शुद्ध हरपू शकतो. सुटका मिनिटांत व्हायला हवी. ज्याला खालचं पॅनेल येतं तो माणूस गाडी रिकामी करत असेल, तर ती होत नाही.

अमेरिकेत जून २०२० पासून लागू झालेल्या अशा यंत्रांसाठीच्या ए९२ मालिकेच्या मानकांत सुटकेची लेखी योजना मागितली आहे. शिवाय ऑपरेटरसोबत वर जाणाऱ्या निदान एका माणसाला अडचणीच्या वेळी यंत्र कसं चालवायचं ते शिकवलेलं असावं, असंही सांगितलं आहे. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी कागदावर होत्या. आज त्यात एक ओळ वाढवली: परमिटवर ज्याचं नाव ‘खालचा माणूस’ म्हणून आहे, त्याला बास्केट जमिनीवर येईपर्यंत कुणीही दुसरं काम सांगायचं नाही, मीसुद्धा. आणि सांगितलं, तर त्याने नाही म्हणायचं. पोराच्या अंगात गडद नारिंगी रंगाचं वेगळं जॅकेट दिलं, म्हणजे त्याला ओढायच्या आधी लांबूनच कळेल.

सुपरवायझरांना हे पटायला वेळ लागला. माणूसबळाची ओढाताण त्यांच्यावर असते, ती मला कळते. शेवटी त्यांनीच दुसऱ्या गाडीसाठी माणूस उभा केला.

१७ फेब्रुवारी

गॅलरीच्या पोटातले सांधे. इथे डोक्यावर तुळया आहेत आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच दिवसाची होती.

बूम लिफ्टवर माणसं मरतात त्यांची मुख्य कारणं आयपाफ या अशा यंत्रांच्या क्षेत्रातल्या जागतिक संघटनेच्या अहवालांत वर्षानुवर्षं तीच दिसतात: पडणं, विजेचा धक्का, यंत्र उलटणं आणि चेंगरणं. पहिल्या तिन्हींची भीती सगळ्यांना असते. चेंगरण्याची कुणाला वाटत नाही, कारण ते फार शांतपणे होतं. ऑपरेटर वर न बघता बास्केट वर घेतो, पाठ तुळईला लागते, तो पुढे पॅनेलवर वाकतो आणि त्याच्याच छातीने दांडा ढकलला जातो. पाय पॅडलवर असतो आणि घाबरलेला पाय उचलला जात नाही, उलट आणखी दाबला जातो. बास्केट वर जातच राहते. तोंडातून आवाजही निघत नाही.

आमच्या यंत्राच्या पॅनेलवर संवेदक दांडा आहे. छातीचा दाब पडला की हालचाल थांबते आणि यंत्र थोडं मागे येतं. तो रोज सकाळी दाबून तपासतो. पण त्याच्या भरवशावर तुळईखाली जायचं नाही. काकांनी दिशा ठरवून घेतली. खालून सरळ वर न जाता बाजूने, कठड्याला आधी लोखंड दिसेल अशा बेताने. सोबतचा माणूस काम बाजूला ठेवून नुसता वर बघत राहिला आणि सेंटीमीटर बोलत राहिला. "तीस… वीस… थांबा काका." खालचा पोरगा दुर्बिणीतून बघत होता आणि त्याचा हात पॅनेलपाशी होता.

चार सांधे झाले. हळू झाले. चालेल.

१८ फेब्रुवारी

रंग. सकाळी लोखंड गार आणि ओलसर. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअस जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. दहा वाजेपर्यंत थांबलो. फवारा नाही, ब्रशच. वाऱ्याने रंगाचे थेंब दूरवर जातात आणि यंत्राच्या सेन्सरवरही बसतात.

२० फेब्रुवारी

यंत्र तिसऱ्या खांबाकडून पाचव्याकडे नेलं. फुल्या मारलेला पट्टा टाळून लांबचा वळसा. बूम पूर्ण आत, बास्केट गुडघ्याच्या उंचीवर, पुढे चालणारा माणूस.

टरेट मागच्या चाकांच्या पलीकडे फिरलेलं असताना पुढे-मागेची दिशा उलटते. दांडा पुढे ढकलला की यंत्र मागे जातं. म्हणून चॅसिसवर रंगीत बाण काढलेले असतात आणि पॅनेलवरही त्याच रंगांचे. बास्केटमधून खाली वाकून बाणाचा रंग बघायचा, मगच चालवायचं. काकांचं इतकं वर्षांचं काम, तरी ते प्रत्येक वेळी बाण बघतात आणि मोठ्याने रंग म्हणतात. नवीन ऑपरेटरने हे त्यांच्याकडून घ्यावं. टरेट फिरताना मागचं वजन चाकांच्या बाहेर येतं, त्या बाजूला भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये कुणी उभं राहायचं नाही. तिथे शंकू ठेवले.

२१ फेब्रुवारी

४० मीटरवर असताना इंजिन गचके देऊन बंद पडलं. पुन्हा लागेना. वारा नव्हता, दोघंही ठीक होते. वरच्या सहायक पंपाचा खटका दाबला, बूम जरा आत आली आणि हालचाल थांबली. त्यानंतर काकांनी वॉकीटॉकीवर सांगितलं, "बाळा, आता तू."

पोराने उत्तर दिलं, "वर बघतोय काका." थोडं थांबून, "मोकळं आहे. आत घेतोय." बॅटरीवर सगळं फार संथ चालतं, पंपाचा घरघराट मध्ये मध्ये थांबवून त्याला विसावा द्यावा लागतो. तो थांबला, बघितलं, पुन्हा घेतलं. बूम पूर्ण आत आल्यावरच झुकवायला लागला. जमिनीवर उतरलो तेव्हा त्याचे कान लाल झाले होते आणि हात अगदी स्थिर होते. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

डिझेलचा फिल्टर कचऱ्याने बंद झाला होता. यंत्र देणाऱ्याच्या मेकॅनिकने बदलला. टाकीतून कचरा पुन्हा येणार, म्हणून टाकीही रिकामी करून धुवायला लावली. वरचा सहायक खटका का थांबला, याचा शोध घेतला तेव्हा बॅटरीचं एक टर्मिनल सैल निघालं. ते घट्ट केल्यावर वरून आणि खालून, दोन्हीकडून पूर्ण लांबीची चाचणी घेतली. सकाळच्या फेरीत आता सहायक पंपही पूर्ण हालचाल करून तपासायचा, नुसता आवाज ऐकून नाही.

२४ फेब्रुवारी

सगळ्यात वरचा सांधा झाला. टॉर्कच्या नोंदी, फोटो आणि रंगाच्या जाडीची मापं एका फाइलमध्ये लावली. सातव्या खांबाजवळच्या सांध्यात तीन बोल्ट बदलता आले नाहीत. पाइपलाइनमुळे बास्केट तिथवर पोचत नाही. तिथे आर्टिक्युलेटिंग लिफ्ट लागेल, आणि पाइप बंद असतानाच. हे बोल्ट लाल रंगाने खुणावून ठेवले आहेत आणि सांध्यावरची परवानगी असलेली भारमर्यादा तोपर्यंत कमी ठेवावी, असं लेखी कळवलं आहे.

पुढच्या टीमसाठी फाइलमध्ये चार गोष्टी ठेवल्या: फुल्यांसह जमिनीचा नकाशा, प्रत्येक सांध्याचा पोचेच्या तक्त्यावरचा बिंदू, मल्टिप्लायरची जुळणी, आणि ‘खालचा माणूस’ हा रकाना असलेलं परमिट. आर्टिक्युलेटिंग लिफ्टचं खालचं पॅनेल वेगळं असतं आणि आत घेण्या-झुकवण्याचा क्रमही त्या यंत्राप्रमाणे बदलतो, त्यामुळे सुटकेची तालीम नव्या यंत्रावर नव्याने घ्यावी. हेल्पर पोराने ती शिकवायची तयारी दाखवली आहे.